मोठी कढई

उदगीरला आमच्या दाराशी कुणी घुटमळलं
की आई न विचारता किल्ली काढायची.
मागच्या खोलीत गल्लीची भांडी :
अकरा पातेली, दोन कढया, फाटक्या काठाची सतरंजी,
आणि अप्पांची वही, उर्दूतली,
निजामी शाळेत घोटलेलं अक्षर,
आम्हा चौघी बहिणींत एकीलाही न वाचता येणारं.

कुणाचं लगीन, कुणाची कंदुरी, कुणाचं तेरावं.
देण्याआधी अप्पा पातेल्यावर बोट वाजवून ऐकायचे.
कल्हई उडालेली असली तर पैसे त्यांच्याच खिशातून.
"आपल्या घरात एक तवा धड नाही," आई म्हणायची,
तर हसून तिच्या हातची परात घासायला घ्यायचे.

भूकंपाच्या साली टेम्पोत भांडी भरून
किल्लारीकडं गेले. महिन्यानं परतले.
तीन पातेली कमी,
आणि वहीचं ते पान कोरं.
विचारलं तर म्हणाले,
"ज्याच्याकडं राहिलं, त्याची चूल तरी पेटती असंल, माय."

ब्याण्णवाव्या वर्षी गेले.
विभूती लावून, बसते करून, मातीत ठेवले.
सांजेला दारात एक पोरगा, परगल्लीतला :
"मन्मथप्पा हायेत का? बहिणीचं लगीन हाय,
मोठी कढई पाहिजे होती."
कुणीच बोललं नाही.

आई उठली. किल्ली कमरेलाच होती.
कढईवर बोट वाजवून कान दिला तिनं
आणि मला म्हणाली, वही घे.

मी उजवीकडून उघडली.