विलंबाचे कारण

मिस्किटाबाईंच्या टाइपरायटरवर
'डी' नीट उमटत नाही.
पोट गळून जातं, नुसती दांडी राहते.
आणि माझ्या अर्जात सगळे डीच:
डिफेन्स, डिसॅबिलिटी, डेफ, डिले.

फोर्टात झेरॉक्सवाल्याच्या जिन्याखाली त्यांचं टेबल.
एका पायाखाली घडी घातलेला
कुणाचा तरी जुना वकीलनामा.
मी स्टुलावर,
उजवा कान त्यांच्याकडे करून.

अपिलाची मुदत सहा महिने होती.
मी सत्तेचाळीस दिवस उशिरा आलोय.
मोजलेत. तोफखान्यात आधी
मोजायलाच शिकवतात: अंतर, कोन, वारा.
आणि मग तोंड उघडं ठेवून उभं राहायचं,
कानाचे पडदे फाटू नयेत म्हणून.

कागदावर लिहिलंय,
बहिरेपण सेवेमुळे उद्भवलेले नाही,
सेवेने बळावलेलेही नाही.
मग आलं कुठून?
घाडीगावकरांच्या सात पिढ्यांत
कुणी कमी ऐकलं नाही. उलट
खाडीपलीकडची भांडणं आम्हाला
शब्दन् शब्द कळायची.

"कारण बोला," बाई म्हणतात.
"आजारपण घालू? सगळे तेच घालतात.
घरात कोण गेलंय का?"
नाही, सगळे आहेत.
"कागद हरवले?"
पत्र्याच्या पेटीत आहेत. तारीखवार.

मग झालं तेच सांगितलं.
पत्र इंग्रजीत होतं.
रात्रपाळी सुटल्यावर मी ते
विक्रोळीच्या आमच्या टॉवरचे सेक्रेटरी
वाघेलासाहेबांना दाखवलं. भला माणूस.
गाडी बाहेर काढता काढता, काच खाली करून
त्यांनी सगळं सांगितलं, मोठ्यानं.
पाण्याचा पंप चालू होता
आणि मी चुकीच्या बाजूला उभा.

मी मान हलवली.
ते जमायला लागतं आपोआप.
समोरच्याचे ओठ थांबले की हलवायची.
तो हसला की हसायचं.
'सहा महिने' हे दोन शब्द
बहुतेक पाण्याबरोबर वर गेले,
तेविसाव्या मजल्याच्या टाकीत.

पुढे मुलीला फीच्या सवलतीसाठी
माजी सैनिकाचा दाखला लागला.
तिनं पेटी उघडली. म्हणाली,
"बाबा, ही तारीख गेली की."
मग उठून उजव्या बाजूला आली
आणि परत म्हणाली.

बाईंची बोटं थांबली.
"म्हणजे ज्या कानाचं पेन्शन नाकारलं
त्याच कानानं मुदत घालवली?"
मी मान हलवली.
हे मात्र ऐकू आलं होतं.

"छान आहे," त्या म्हणाल्या, "पण
त्यांना एकेका दिवसाचा खुलासा लागतो."
एकेचाळीस दिवस मला माहीतच नव्हतं.
पाच दिवस बदली वॉचमन मिळेना.
त्यांनी कागदाच्या कोपऱ्यात बेरीज केली.
"एक कमी पडतोय."

रविवार लिहा.
"रविवार होता?"
मंगळवार होता.
"मग मंगळवारी कुठे होतात, हवालदार?"

पंधरा वर्षांत कुणी हवालदार म्हटलं नव्हतं.
टॉवरमध्ये मी 'ए, काका'.

निघालो होतो इथेच, बाई, ही फाइल घेऊन.
लायन गेटसमोरच्या कट्ट्यावर बसलो जरा.
आतून नौदलाचे ट्रक निघत होते.
उजव्या कानावर तळवा दाबला
आणि बघत राहिलो
उद्या हाही गेला तर
शहर किती उरतं.
मग काढवेना तो हात.
कार्यालय बंद व्हायची वेळ होऊन गेली.

त्यांनी ते टाइप केलं नाही.
कागद ओढून काढला, निळं पेन घेतलं
आणि सगळ्या दांड्यांना पोटं काढत बसल्या,
एकेक, सावकाश,
मागे दोन वकील ताटकळत असताना.