शॉकअप

सलाला इकडे, मस्कत तिकडे, दोन्ही सारखीच लांब.
मधे जे मोडतं ते हैमात माझ्या दारात येतं.
आज दिलमुरादचा पाण्याचा टँकर,
पुढचे दोन्ही शॉकअप.
शॉक अॅब्सॉर्बर हे पूर्ण नाव मी फक्त बिलावर लिहितो.

टायर बघ म्हणाला. बघितले.
उंदरानं भाकरी कुरतडावी तसे टप्प्याटप्प्यानं खाल्लेले.
आतल्या वस्त्यांचा रस्ता म्हणजे नुसती पन्हाळी पत्र्याची घडी,
त्यावरून रोज सहा हजार गॅलन नाचवत न्यायचं.
गेल्या ईदपासून त्यानं डॅशबोर्डवर चहाचा ग्लास ठेवलेला नाही.
उतरताना आधी कमरेवर हात, मग पायरीवर पाय.

फोनवर सुहैल, मालक, एकच शब्द बोलतो:
सल्लेह.
दुरुस्त कर.
आणि खरंच, हे जुने आहेत, डोक्यावर आट्यांचे, उघडणारे.
हल्लीचे कारखान्यातूनच तोंड शिवून येतात, मेले की फेका.
सील, तेल, बुश, गॅस: दोन्हींचे सतरा रियाल.
नवीन एकेक चौपन्न.
हिशेब पोरालाही कळेल.

आमच्या खेडला कल्हईवाला यायचा.
भांडं उलटं धरून बोटानं वाजवायचा, कान देऊन ऐकायचा,
म्हणायचा, हे कल्हईचं. हे मोडीचं.
आई भांडायची. तो ऐकायचा नाही.
मोडीच्या भांड्याला कल्हई करून पैसे घेणं
त्याला जमत नसे, म्हणून तो गरीब होता,
असं आई नंतर सांगायची, जरा कौतुकानं.

डावा उघडला. तेल काळं, पातळ, जळक्या वासाचं.
दांडा पुसला. आरसा.
उजवा उघडला. दांडा पुसला. हाही आरसाच वाटला.
पण दांड्याला डोळ्यांनी बघायचं नसतं,
नख लावायचं, वरून खाली, सावकाश.
नख अडकलं तर क्रोम गेलं.
मग कितीही भारी सील घाला,
दोन महिन्यांत चिरतं, तेल पुन्हा वाळूत.

नख लावलं. नाही अडकलं.
पुन्हा लावलं. नाही.
सतरा रियाल, म्हटलं मनात. सुहैल खूश.

मग अंगठा उन्हात धरून बघितला.
नख आहे कुठे.
त्या वर्षी स्प्रिंग सुटून बसला होता तो, पुढे उगवलं ते
नखासारखं दिसणारं काहीतरी.
बाकीच्यांच्या कडा ग्रीसनं, पॉलिश पेपरनं, बावीस वर्षांनी
गोल करून टाकल्यात.
माझ्या हाताला आता सगळेच दांडे गुळगुळीत.

रिपनला हाक मारली.
आठ महिने झाले त्याला, अजून पाने मोजून परत ठेवतो.
म्हटलं, लाव नख.
लावलं. थांबला.
जिथे मी दोनदा गेलो होतो तिथेच, मधोमध.
माझ्याकडे न बघता म्हणाला,
आटकाच्छे, चाचा.

दिलमुराद सावलीत बसून आमच्याकडे बघत होता.
एक बरा, एक गेलेला. पण जोडी मोडायची नसते,
एक ताठ, एक ढिला, गाडी एका बाजूला ओढते.
मुलाच्या एका नखावर एकशे आठ रियाल.

सुहैलला फोन लावला.
ला, म्हटलं. जदीद.
बराच वेळ फक्त त्याच्या गाडीचा एसी ऐकू आला.
तू स्वतः बघितलंस, मुकादम?
बघितलं.

निझव्याच्या रात्रीच्या बसनं येतील दोन्ही.
दिलमुरादला सांगितलं, झोप इथेच, खाटेवर, कंबर सरळ ठेव.
डावा तेवढा पुसून फडक्यात बांधला,
फेकवेना.
उद्या रिपनला देईन, खोल, जोड, पुन्हा खोल.

शटर ओढताना तो नळावर हात घासत होता,
साबण, मग वाळू, मग पुन्हा साबण.
खिशातून नेलकटर काढलं त्यानं.
म्हटलं, राहू दे रे.
थोडी राहू दे.