कडी

आयोगाने मला तीन तासांसाठी बोलावलं होतं,
बसभाडं वेगळं, पावती जपून ठेवायची.
डंडीच्या चढावरचा वृद्धाश्रम, खाली टे नदी
आणि नदीवर धुकं, उतू गेलेल्या दुधासारखं,
कुणी पुसायला न आलेलं.

इशबेल रेनी, आयोगाची बाई,
दाराशी बूट काढून ठेवते, कुणी सांगितलेलं नसताना.
म्हणाली, आधीच सांगून ठेव त्यांना:
आम्ही कोर्ट नाही. दंड करत नाही.
कुणाला नोकरीवरून काढत नाही.
आम्ही विचारतो, पाहतो, लिहितो,
आणि लिहिलेलं पार्लमेंटच्या टेबलावर ठेवतो.
मी मनात म्हटलं, म्हणजे छडी नसलेला मास्तर.
एवढ्याचं भाषांतर मी केलं नाही.

खोली नंबर नऊ. भिकाजी मोंडकर, वय सत्त्याऐंशी,
देवगडकडचे, चाळीस वर्षं बोटीच्या इंजिनखान्यात.
बायको जीन गेली त्या वर्षापासून
इंग्रजी ओसरत गेली त्यांच्यातून,
आणि ओहोटीला खडक उघडे पडावेत
तशी खालची मालवणी वर आली.
मी बार्शीची. समुद्र पाहिला तो लग्नानंतर.
एकमेकांच्या मराठीत आम्ही चाचपडत बसलो.

फाईल चोख होती. औषधं, वजन, शौचाच्या वेळा.
बाराव्या पानावर निळ्या शाईत:
‘रहिवासी वारंवार करी मागतात.
दर शुक्रवारी देण्यात येते. तरीही असमाधानी.
ताट सारून देतात.’
स्वयंपाकघरातली ॲग्नेस कळवळून सांगत होती,
नारळाचं दूधसुद्धा घालून पाहिलं हो मी.

मी विचारलं, आजोबा, काय हवंय?
त्यांनी न्हाणीघराच्या दाराकडे बोट केलं.
“कडी,” म्हणाले. “कडी व्हयी माका.”
आणि अंगठा-बोट जुळवून
हवेतच काहीतरी डावीकडून उजवीकडे सरकवलं.

दाराला आतून काही नव्हतं.
स्क्रूंची चार जुनी भोकं, वरून रंग फासलेला.
सुरक्षेसाठी, मॅनेजर म्हणाले. आत पडले-बिडले तर?
खोटं नव्हतं ते. पडले होते एकदा, मार्चमध्ये.

इशबेल काही बोलली नाही. आत गेली,
दार लोटून कमोडवर बसली, कपड्यांसकट.
दुसऱ्या मिनिटाला एक पोरगा
टॉवेलांची चळत घेऊन सरळ आत शिरला.
बाहेर आली तेव्हा तिचे कान लाल होते.
“नाण्याने बाहेरून उघडता येते
अशी कडी मिळते बाजारात,” एवढंच म्हणाली,
आणि किंमतही लिहून घेतली.

अहवालातला परिच्छेद एक्केचाळीस.
तिने फोन करून विचारलं, त्या शब्दाला इंग्रजीत काय घालू?
मी तीन शब्द सांगितले.
तिने तिन्ही बाजूला ठेवले आणि रोमन लिपीत
कडीच लिहिली, स्पेलिंग दोनदा विचारून.

उत्तर आलं: नोंद घेतली आहे.
मग काही नाही. मग तिचं पत्र. मग काही नाही.
मग पुन्हा तिचंच पत्र, तारीख तेवढी बदललेली.
छडी नसलेला मास्तर
रोज वर्गात येऊन नुसता उभा राहतो,
आणि मागच्या बाकावरची पोरं
हळूहळू चुळबुळायला लागतात, तसं काहीसं.

पुढल्या फेब्रुवारीत मी आपली आपणच गेले.
बावीस न्हाणीघरं, बावीस पितळी कड्या.
ॲग्नेसने फिरवून दाखवल्या, स्वतः घडवल्यासारख्या.
मोंडकर आता पलंगावरून उठत नव्हते.
डोळे मिटलेले. मला ओळखलं नाही.

काय करावं कळेना. मी न्हाणीघरात गेले,
दार लावलं, कडी सरकवली.
खट्.

बाहेर पलंग करकरला.
“कोण आसा भितर?”

मी कडीवर हात ठेवून उभी.

“सावकाश,” ते म्हणाले, “घाय नाय.
मी रवतंय.”