दर मंगळवारी, डावा हात

फरझाना दंडाला पट्टा बांधते, म्हणते, मूठ वळ.
मी वळतो. तिकडे बघ असं ती आता म्हणत नाही,
तिला ठाऊक झालंय, मला बघायला आवडतं:
माझ्या आतलं काहीतरी नळीत चढतं
आणि ते तिलाही दिसतं.

शालिमारजवळची लॅब, जिना अरुंद,
खाली चपलांचं दुकान.
पहिले अठरा आठवडे दर मंगळवारी,
मग पंधरवड्याने, आता महिन्याने.
पांढऱ्या पेशी मोजायच्या.
क्लोझापिन कधीकधी त्याच खाऊन टाकते,
म्हणून घसा दुखला, ताप आला
तर आलं-मध नंतर. आधी फोन.
हे वत्सूने फ्रिजवर चिकटवलंय,
दुधाच्या हिशोबाच्या वर.

मेनरोडला मी भिंगं घासतो.
दिवसभर लोकांचे नंबर हातून जातात,
उणे दीड, अधिक पावणेदोन.
डॉक्टर तांबटांनी पहिल्याच दिवशी विचारलं,
चाकाच्या किती जवळ जातात बोटं?
मी दाखवलं.
म्हणाले, मग मोठा डोस रात्री,
आणि मी सांगेपर्यंत चाकाला हात नाही.
दोन महिने काउंटरवर बसून चष्म्यांची घरं पुसली.
चांदवडकरशेठ काही बोलले नाहीत.
एकदा फक्त म्हणाले, इतकी स्वच्छ कधी नव्हती.

आणखी एक प्रश्न डॉक्टर विचारतात,
गुरुजी गोत्र विचारतात तितक्या गंभीरपणे:
पोट साफ होतं का?
आधी हसू यायचं.
मग कळलं, या गोळीने आतडं झोपी जातं,
माणसं लाजून गप्प बसतात
आणि जिवावर बेततं.
आता मी तारखेसकट सांगतो.

विडी सोडायची होती.
म्हणाले, जरूर सोड, पण आधी मला कळव,
धूर थांबला की गोळी अंगात जास्त साचते.
म्हणजे चांगलं वागायचं, तेही विचारून!

सिन्नरला मावसभावाचं लग्न. वत्सूला ड्यूटी होती.
ऐनवेळी पिशवी बदलली, गोळ्या घरी राहिल्या.
पहिल्या रात्री वाटलं, एका रात्रीने काय होतंय.
दुसऱ्या रात्री सगळ्यांबरोबर जागलो,
हलकं वाटलं, जीभ सुटली.
नवरीचे मामा दिंडोरीच्या वाइनरीत,
त्यांनी पेला पुढे केला.
ॲसिडिटी आहे म्हटलं. तेवढं बरं सुचलं.
तिसऱ्या दिवशी दुपारी मांडव उतरवताना
एक बांबू माझं नाव घेऊन पडला.

बसमध्ये हिशोब मांडला:
कालची, परवाची, आजची, सगळ्या एकदम घेतल्या की फिटलं.
उधारीसारखं.
द्वारकेला उतरून ब्रह्मेचांच्या मेडिकलमध्ये
पाण्याची बाटली आधीच उघडून उभा राहिलो.
त्यांनी चिठ्ठी बघितली, मग मला बघितलं.
किती रात्री चुकल्या?
दोन.
त्यांनी बाटलीचं झाकण लावलं आणि तांबटांना फोन लावला.

दोन दिवसांवर खंड पडला, डॉक्टर म्हणाले,
की अंग गोळीला विसरतं.
आज जुना डोस घेतलास तर रक्तदाब कोसळेल.
दुप्पट तर कधीच नाही.
अगदी छोट्यापासून परत चढायचं.
पहिलीपासून? मी म्हटलं, नापास झाल्यासारखा.
पहिलीपासून. उद्या सकाळी ये,
वत्सूला घेऊन ये.
मी बांबूचं सांगितलं.
ते म्हणाले, बरं केलंस सांगितलंस.

त्या रात्री अर्धीच गोळी, इतकी लहान
की तळहातावर शोधावी लागली.
वत्सू ओरडली नाही. ओरडली असती तर बरं.
उशीवर तिने पिवळा टॉवेल घातला,
झोपेत लाळ गळते, हेही त्यातलंच.

सकाळी झटकन उठायचं नाही.
काठावर बसायचं, पाय फरशीवर,
वीसपर्यंत मोजायचं.
चौदाला मागच्या गल्लीत दुधाची गाडी कॅन आपटते.
मी विचारतो, ऐकलंस?
आतून वत्सू म्हणते, ऐकलं.
पातेलं घेऊन जा.