चार बाय चार

जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी, पहाटे साडेचारला,
नेरूळहून पामबीचकडे उतरणारा आमचा रस्ता बंद होतो
आणि मी फक्कीची पिशवी घेऊन ओणवी होते.
दोरीचं एक टोक माझ्याकडे, एक शेलारकडे.
चार फूट. टच्च. चार फूट. टच्च.
सातपर्यंत डांबरावर दोनशे चाळीस चौकोन,
प्रत्येकात नंबर.
चित्र मला येत नाही. रेघ सरळ येते.

मग येतात सगळे, गुडघ्यांखाली उशा घेऊन,
बादल्या, ओली फडकी, कडेवरची पोरं.
दाताचे डॉक्टर सबनीस दरवर्षी फ्लेमिंगो काढतात,
दरवर्षी त्याचा एक पाय चौकोनाबाहेर जातो.
सेक्टर दहाच्या अलमेलू मावशी ठिपके मोजतात तमिळमध्ये,
चुकल्या की स्वतःवर ओरडतात मराठीत.
विषय असतो कसलातरी, स्वच्छ शहर, जल हेच जीवन;
माइकवरून तीनदा सांगतात.
कुणी ऐकतं असं नाही.

जोमा घरत पहिल्यांदा आले तेव्हा
रांगेत उभे राहिले, टोकन घेतलं आणि परत दिलं.
"नंबर नको बाय. मना जागा पायजे."
तिसऱ्या खांबापासून सहा पावलं मोजली,
चपला काढल्या.
रस्त्यावर कुणी चपला काढतं?
म्हणाले, "हयशी बांद."

त्यांनी चिखल काढला.
नुसता चिखल, कापलेल्या भाताची खुंटं,
बैलाच्या एका खुरात साचलेलं पाणी.
परीक्षक वाकले. बाकीचं शेत कुठाय, आजोबा?
"येल ना. दर साली चार फूट."
तेव्हा लक्षात आलं,
शेत लहान करून काढलेलं नव्हतं ते.
जेवढ्यास तेवढं होतं.

दुसऱ्या वर्षी शेजारचा चौकोन. तिसऱ्या वर्षी त्याच्या शेजारचा.
मधे दोनदा डांबर चढलं, एकदा गॅसची पाइपलाइन गेली,
पावलं चुकली नाहीत.
एकदाच उत्तेजनार्थ मिळालं, रंगांचा डबा;
तो शेलारच्या पोरीला देऊन टाकला.

मी एकदा हजेरीपटाच्या मागे हिशेब मांडला:
बारा गुंठे, तेरा हजार अडुसष्ट चौरस फूट,
भागिले सोळा.
आठशे सोळा वर्षं, वर पाऊण चौकोन.
त्यांना दाखवला. बराच वेळ कागद धरून राहिले.
"त्या पाऊन चौकोनान," म्हणाले, "आंब्याचा झार व्हता."

गेल्या वर्षी नववा झाला.
जाताना सांगून गेले, पुढल्या साली चिंबोरीचं बीळ.

या वर्षी रांगेत नाहीत.
दहा वाजले, अकरा.
एक बाई दोन मुलांना घेऊन आल्या, हा रिकामा दिसतो, बसू का?
मी नाही म्हणाले. का, ते सांगता येईना.
फोन केला. सुनेने उचलला.
हायेत, पन गुडघं धरून बसलेत, खाटंवरून उठत नाय.
मागून त्यांचा आवाज:
तिला सांग, बीळ कोनी बुजवू नका.

रात्री नऊला टँकर आला.
फ्लेमिंगोचा पाय, ठिपके, जल हेच जीवन,
सगळ्याचं मिळून एकच राखाडी-जांभळं पाणी
गटाराकडे निघालं
आणि तिसऱ्या खांबाच्या पुढे थबकलं.
तिथे रस्ता बसलाय. दोन बोटं असेल.
चौकोन भरला. शेलारने झाडूने ढकललं,
पाणी गेलं, परत आलं.

रस्त्यावर पाणी साचलं तर
दुसऱ्या दिवशी अभियंता विभागाला कळवायचं, असा नियम आहे.
छापील फॉर्म आहे.
खोली लिहिली. ठिकाण लिहिलं:
तिसऱ्या खांबापासून एकवीस पावलं.
कुणाची पावलं, त्याला रकाना नाही.
आज गुरुवार.
फॉर्म पर्समध्येच आहे.