चालताना बोलता आलं पाहिजे

"चालताना बोलता आलं पाहिजे,
गाता येऊ नये," फिजिओवाल्या मॅडम म्हणाल्या,
"इतकाच दम लागू द्यायचा."
यवतमाळला, दवाखान्याच्या मागच्या हॉलमध्ये,
मंगळवार, गुरुवार, शनिवार.

दोन यष्ट्या बदलून जायचो.
पहिली सव्वासहाची, आली तर.
चाळीस मिनिटांच्या व्यायामाला अख्खा दिवस,
वर परतीच्या फाट्यावर उन्हात उभं राहून
छातीतली जाळी सदऱ्यावरून चाचपायची,
जशी काही ती खिशातून पडेल.

शेजारच्या सायकलवर उकंडराव ढेंगाळे.
सायकल जागची हलत नाही
आणि हा ब्रेक शोधायचा.
दम किती, सहा ते वीसमध्ये सांगा,
मॅडमचा दर पाच मिनिटांनी प्रश्न.
मी म्हणायचो, अकरा.
तो म्हणायचा, "आमच्याकडं आण्यात मोजतेत, मॅडम.
लिहा बारा आणे."
मग हसण्यानं दोघांचेही आकडे चढायचे.

कापूस वेचणीच्या दिवसांत सोबतीला कोणी मिळेना,
आम्हा दोघांना मोबाईलवर टाकलं.
फोन तुरीच्या डाळीच्या डब्याला टेकवायचा,
मनगटावर पट्टा,
पडद्यावर नऊ चौकोन, नऊ घरांच्या नऊ भिंती.
खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.
यष्टी नाही, धूळ नाही,
भाकरी थापता थापता बायकोही
टाचा उचलायला शिकली.
तीन महिन्यांनी सगळ्यांना सहा मिनिटं चालवून मोजलं,
हॉलवाले आणि मोबाईलवाले
एकोणीस-वीस.

एकदा मात्र मध्येच लाईट गेली, टॉवरही गेला.
मॅडम हात वर करून थिजल्या,
मीही हात वर करून उभा.
एकतीस वर्षं लाईनमन होतो,
लाईट येण्याची वाट मला पाहता येते.
बायको म्हणाली, "खाली घ्या जी आता.
फोटो हाय तो."

संध्याकाळी खांब ते खांब चालायचो,
चौदा नंबरपासून सत्तावीसपर्यंत.
सगळे माझ्याच हाताने ताणलेले.
बोलता येतंय का ते पाहायचं, म्हणून बोलायचो.
पण कोणाशी?
सोळाव्या खांबाला त्याच्या चिनीमातीच्या वाटीबद्दल विचारलं.
पोरं म्हणाली, लाईनमनचा फ्यूज उडाला.

मग एका गुरुवारी उकंडरावचा चौकोन नव्हता.
हॉल असता, तर सायकल रिकामी दिसली असती,
दोन दिवस तरी कोणी तिच्यावर बसलं नसतं.
इथे बाकीचे आठ जण थोडे थोडे सरकले,
मोठे झाले,
जागा भरली.
पुढच्या गुरुवारीही आठच.
फोन लावला तर बाई सांगे, बंद आहे.

शनिवारी सावळी फाट्यावर उतरलो.
जिभेखालची गोळी खिशात.
अडीच किलोमीटर, दोन्ही बाजूंना तूर,
आणि तोंडातून एक शब्द नाही.
त्याचं घर दिसलं तेव्हा लांबूनच
दारातल्या चपला मोजल्या.
दोन जोड.
पुन्हा मोजल्या. दोनच.

तो बाजेवर बसून बकरीच्या पायातला काटा काढत होता.
"काऊन बे, मेलो वाटलं का?"
"तुहा चौकोन गेला ना."
"नात घेऊन गेली मोबाईल अमरावतीले.
परीक्षा हाय तिची."
मग माझ्याकडं नीट पाहून,
"पायी आला? दम किती?"
मला आकडा सांगता आला नाही.
त्यानं पाण्याचा गडू पुढं केला
आणि पाणी पिऊन होईपर्यंत विचारलं नाही.

कॅनॉलपर्यंत चालत गेलो दोघं.
बकरीचा भाव, त्याच्या साडूचं भांडण,
गोळ्यांनी येणारा कोरडा खोकला,
रात्री डाव्या कुशीवर झोपायची भीती.
ही शेवटची गोष्ट मी बायकोलाही सांगितली नव्हती.
चढावर त्यानं गाणं म्हणून पाहिलं,
अर्ध्या ओळीत धाप लागली.
"बराबर हाय," बसकण मारत म्हणाला,
"नियमात हावो आपण."

परतताना फाट्यावर रेंज आली.
खिशात मोबाईल थरथरला:
आजचं सत्र राहिलं.
पुढे लाल फुली.
असू दे म्हटलं, आणि यष्टीला हात केला.