कलम सात

शंभराच्या स्टॅम्पवर लिहून दिलं होतं
केबलवाल्या गिऱ्हेपुंजेनं:
पंचायतीचे बावीस खांब फुकट,
बदल्यात टोलीपर्यंत तार
अन् एक चॅनल गावाचं.

तार नाल्याशी आली, थांबली.
उरलेलं वेटोळं खांबावर,
त्यात साळुंकीचं घरटं.

ग्रामसभेत म्हणे, "पुढच्या महिन्यात."
शेवंता कुंभरे बसल्या जागूनच,
"वाच ना बाप्पा, कलम सात."
"चष्मा नाही आणला."
"मंग मी वाचतो."
कागद न उघडताच वाचलं तिनं,
स्वल्पविरामासकट.

गावाच्या चॅनलवर अजून निळा पडदा.
टोलीतले लोक नाला ओलांडून येतात,
रोज सातला, आमच्या ओसरीत,
निळं पाहत बसतात.
कोणी पाहून राह्यलं,
हे गिऱ्हेपुंजेले मालूम असावं.